कस्तुराबाईंचा आवाज

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. तुम्ही मला हार्मोनियम म्हणत असाल. मिरजेच्या एका कारागिरानं सागवानी फळ्या जोडून मला घडवलं आणि माझ्या पोटात पितळी सूर बसवले. चाळीस वर्षं झाली, नळदुर्गला हमरस्त्यालगतच्या पत्र्याच्या छोट्या चर्चमध्ये मी राहते. बाहेर ट्रक धडधडत जातात, आत रविवारची उपासना चालते.

मला वाजवणाऱ्या राजनंदिनीताई शाळेत शिक्षिका आहेत. त्यांचा हात फार गोड. पण सगळ्यांच्या आधी यायच्या त्या कस्तुराबाई. म्हशींचं दूध घालून, तीन किलोमीटर चालत येऊन त्या चर्च झाडायच्या, माझ्यावरची धूळ पदरानं पुसायच्या. मग अगदी पुढं सतरंजीवर बसून, डोळे मिटून मोठ्यानं गायच्या. सूर मात्र त्यांना कधीच सापडला नाही. मला हसू यायचं आणि मायाही वाटायची.

मागच्या वर्षी ताईंनी एका गीताचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. लोकांनी फार वाखाणला. कुणीतरी माझ्याही आवाजाची स्तुती केली. खरं सांगते, मीही सुखावले. मग दर रविवारी मोबाइल माझ्या डोक्यावर उभा राहू लागला. ताईंची बोटं पट्ट्यांवर असत, डोळे पडद्यावर. पाळक प्रार्थना करत असतानाही त्या हळूच बघून घेत, की आणखी कुणाला आवडलं का.

एके दिवशी त्यांनी कस्तुराबाईंना बाजूला घेतलं. व्हिडिओत तुमचा आवाज वेगळा पडतो, जरा हळू म्हणाल का, असं अदबीनं विनवलं. कस्तुराबाईंनी मान डोलावली. पुढच्या रविवारपासून त्या मागच्या भिंतीशी बसू लागल्या. गाणं सुरेल झालं, पण मला करमेना.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ताईंनी येशूच्या वधस्तंभाचं गीत धरलं. दुसऱ्या कडव्याला मोबाइल बंद पडला, म्हणून त्यांनी मान वर केली. समोर, पार मागं, कस्तुराबाई डोळे मिटून गात होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. गालांवरून पाणी ओघळत होतं.

ताईंची बोटं थांबली. त्या उठून मागं गेल्या आणि कस्तुराबाईंजवळ खाली बसल्या.

“मावशी, माझं चुकलं. तुम्ही म्हणा, मी तुमच्या मागनं वाजवते.”

“माझा सूर लागत न्हाय, बाई.”

“तुमचं मन तर लागतंय. माझं कुठं लागत होतं?”

ताई परत माझ्यापाशी येऊन बसल्या आणि कस्तुराबाईंनी सुरुवात केली. आवाज आधी कापला, मग मोकळा झाला. त्यांच्या मागं जाताना माझी पुरती तारांबळ उडाली. पण इतक्या वर्षांत तसं वाजल्याचं मला आठवत नाही.

मित्रांनो, आता माझं वय झालंय. भात्याला उंदीर लागू देऊ नका, पावसाळ्यात ओल येऊ देऊ नका. आणि माझ्यापुढं बसाल तेव्हा सगळं मन घेऊन बसा. अर्ध्या मनानं दाबली तरी माझी पट्टी वाजते; पण मला ते कळतं. आणि ज्याच्यासाठी गाता, त्यालाही कळतं.