माझ्या पोटातला अक्षतेचा दाणा

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. वय वर्षे चार. हसू नका. तुमच्यात चार वर्षांचं लेकरू बालवाडीत जातं, आमच्यात चार वर्षांचा म्हणजे म्हातारा. वर्ध्याच्या रुग्णालयात माझ्या जागी नवा कॉम्प्युटर आला, आणि गेल्या महिन्यात डॉक्टरसाहेबांनी मला तुमच्या केळझरच्या शाळेला देऊन टाकलं. आल्यापासून मी गप्पच होतो. पण उद्या खंडेनवमी आहे. गुरुजींनी पूजेसाठी हळदीकुंकवाचा करंडा आणि अक्षतांची वाटी माझ्या अगदी शेजारी आणून ठेवली आहे. अशा वाटीशी माझी जुनी ओळख आहे. म्हणून आज बोलावंच लागतंय.

आधी माझी ओळख सांगतो. हा टीव्हीसारखा दिसतो तो मॉनिटर, माझा चेहरा. त्यावर हिरवी अक्षरं उमटतात. बटणांची पाटी म्हणजे कीबोर्ड. आणि खालची ही पत्र्याची पेटी म्हणजे माझं पोट. त्यात विजेचा पुरवठा सांभाळणारा डबा आहे, गरम हवा बाहेर फेकणारा पंखा आहे आणि सगळा विचार करणारी एक हिरवी पाटी आहे. माझी स्मरणशक्ती मात्र फारच तोकडी. लाईन गेली की मी सगळं विसरतो, स्वतःचं नावसुद्धा. जे जपायचं ते फ्लॉपीवर लिहून ठेवावं लागतं. फ्लॉपी म्हणजे काळ्या चौकोनी पाकिटातली पातळ चकती. पेटीला समोर ही आडवी फट दिसते ना, तिच्यात ती सरकवायची. आत मसुरीच्या डाळीएवढं एक हेड असतं, ते चकतीवरून फिरतं आणि वाचतं. माझी सगळी हुशारी त्या डाळीएवढ्या जागेवर चालते.

पंच्याऐंशी साली मी मालगाडीने वर्ध्याला आलो. रक्तपेढीतल्या टायपिस्ट विमलाबाई मला न्यायला स्टेशनावर आल्या होत्या. पेटी सायकलरिक्षात पायाशी आणि मॉनिटर मांडीवर घेऊन त्या बसल्या. रस्त्यात खड्डा आला की रिक्षावाल्याला म्हणायच्या, "हळू घे नं भाऊ, मांडीवर लेकरू हाये." असं स्वागत किती यंत्रांच्या नशिबी येतं, तुम्हीच सांगा.

तिथे माझे लाडही फार झाले. माझ्या खोलीत चपला घालून यायला बंदी होती. वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा, पहिल्याच एप्रिलमध्ये मी तापून बंद पडलो, तर डॉक्टरसाहेबांनी स्वतःच्या केबिनमधला कूलर उचलून माझ्या खिडकीत बसवला आणि स्वतः टॉवेलने घाम पुसत रुग्ण तपासत बसले. विमलाबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची मला खोळ शिवली. या माणसांचे उपकार मी जन्मभर फेडू शकणार नाही, असं मला तेव्हाच वाटलं होतं. फेडायची वेळ लवकरच आली.

माझं काम एकच होतं. जिल्ह्यातल्या गावोगावी रक्तदानाची शिबिरं भरत, आणि त्यात रक्त दिलेल्या दोन हजार लोकांची नावं, गावं आणि रक्तगट माझ्या फ्लॉपीवर होते. विमलाबाईंनी सहा महिने एकेका बोटाने ती भरली. कागदी फॉर्मही होते, पण त्यांचे गठ्ठे गावांप्रमाणे बांधलेले. अमुक गटाचा माणूस कुठल्या गावात आहे, हे गठ्ठ्यांतून शोधायचं म्हणजे दिवस गेला. मी मात्र तेच दोन मिनिटांत सांगायचो. या गोष्टीचा मला अभिमान होता, थोडा चढलाही होता.

दर सहा महिन्यांनी प्रेमदास यायचा. आधी तो रेडिओ दुरुस्त करायचा, मग नागपुरात राहून कॉम्प्युटरचं काम शिकला. माझी सर्व्हिसिंग त्याच्याकडे होती. आधी प्लग काढायचा, मग चार स्क्रू खोलून झाकण उचलायचा. पंख्याला चिकटलेल्या कापसाच्या तुसाचा बोळा काढून तो विमलाबाईंना दाखवायचा. आमच्या रस्त्याने मंडईत कापसाच्या गाड्या जात ना, त्याचा प्रसाद. "ताई, एवढ्यात एक वात होते," म्हणायचा. मग ब्रशने धूळ झाडायचा, सैल झालेल्या तारांच्या पट्ट्या घट्ट बसवायचा. एकदा तर माझ्या पोटात पालीची दोन अंडी निघाली. मला काही तक्रार नव्हती, उबदार जागा होती बिचारीला.

आता दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी ऐका. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो, मग विमलाबाईंनी मला का सोडावं? काम संपवून त्यांनी फ्लॉपी काढून कपाटात ठेवली आणि माझी मनोभावे पूजा केली. कपाळावर, म्हणजे मॉनिटरवर, कुंकवाचं बोट लावलं. झेंडूची माळ घातली. समोरची फट उघडीच राहिली होती. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि माझ्यावर अक्षता टाकल्या. कुंकवात भिजवलेल्या त्या तांदळांतला एक दाणा फटीतून घरंगळत आत गेला. मला कळलं, पण बोलणार कसा? खरं सांगतो, त्या क्षणी मला बरंच वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी पूजा केली होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. सुट्टी असूनही सकाळी नऊला विमलाबाई धावत आल्या. याच केळझरची यशोदा पहाटे बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, पण यशोदाचा रक्तस्राव काही केल्या थांबत नव्हता. तिचं रक्त ओ निगेटिव्ह. फार थोड्या लोकांचं असतं ते. रक्तपेढीत त्याची एकच बाटली होती, ती लावली होती. घरच्या तिघांचं तपासलं, जुळलं नाही. "दुपारपर्यंत दुसरी बाटली पाहिजे," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

विमलाबाईंनी मला सुरू केलं आणि पहिली फ्लॉपी घातली. मी जागासुद्धा त्या फ्लॉपीवरूनच होतो, नावांची यादी दुसऱ्या फ्लॉपीवर. हेड फिरायला लागलं आणि कुर्र कुर्र असा आवाज आला. पडद्यावर एकच ओळ उमटली, वाचता येत नाही. त्यांनी पुन्हा घातली. पुन्हा तेच. माझ्या पोटात तो दाणा हेडला धरून बसला होता. आजवर दोन मिनिटांत नावं सांगणारा मी, त्या दिवशी ठार निरक्षर झालो होतो.

जीपचा ड्रायव्हर प्रेमदासला शोधायला गेला. दसरा म्हणजे प्रेमदासचा दीक्षाभूमीला जायचा दिवस. पांढरे शुभ्र कपडे घालून, आईला घेऊन तो नागपूरच्या गाडीची वाट पाहत स्टेशनावर उभा होता. निरोप ऐकला तशी त्याची आईच त्याला म्हणाली म्हणे, "तू जाय. मी शेजाऱ्यायसंगं जातो. अंधार व्हायच्या आत येजो."

इकडे विमलाबाई फॉर्मचे गठ्ठे घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. यशोदाची सासू रुख्माबाई दारात उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. ती आत आली आणि त्यांच्यासमोर बसली. "मी गाठी सोडतो बाई, तुम्ही वाचा," म्हणाली. दोघी तशाच भिडल्या. सोळाव्या गठ्ठ्यापर्यंत एकही नाव मिळालं नव्हतं.

प्रेमदासने आल्या आल्या माझ्यातली फ्लॉपी काढून उजेडात धरली. तिच्यावर गोल ओरखडा उमटला होता. "यादीची फ्लॉपी घातली का?"

"नाई. ते कपाटातच हाये."

"मंग वाचलो. आता मी सांगल्याबिगर काहीच घालू नका."

प्लग निघाला, झाकण उचललं गेलं, फटीमागचा ड्राइव्ह, म्हणजे फ्लॉपी फिरवणारा डबा, बाहेर आला. प्रेमदासने बॅटरीचा झोत आत मारला, चिमट्याने काहीतरी उचललं आणि तळहातावर घेतलं. तांबडा तांदळाचा दाणा. हेडवर कुंकवाचं पुट चढलं होतं. "हे कुठून आलं?" त्याने विचारलं.

मित्रांनो, विमलाबाईंना गप्प राहता आलं असतं. उंदराचं नाव कुणालाही पटलं असतं. पण त्या उठून उभ्या राहिल्या. समोर रुख्माबाई होती, आणि भिंतीपलीकडे तिची सून. विमलाबाई म्हणाल्या, "मीच टाकल्या अक्षता. काल पूजा केली मी याची."

रुख्माबाईने पुढचा गठ्ठा ओढला. "पूजाच केली नं बाई? कोणाचं वाईट तं नाई केलं. बसा खाली, हा घ्या."

मला रडता येत असतं तर मी तेव्हाच रडलो असतो.

प्रेमदासने नर्सकडून स्पिरिट मागवलं. तिने कापसाचा बोळाही आणला. तो म्हणाला, "कापूस नको, धागे राह्यतात. धुतलेली मलमल द्या." कापसाच्या जिल्ह्यात कापूस नको म्हणणारा मी तो एकच माणूस पाहिला. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मलमलीने त्याने हेड पुसलं, अगदी हळू, लेकराच्या डोळ्यातली चिपडं काढावीत तसं. तीनदा पुसलं. चौथ्यांदा कापड पांढरंच राहिलं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला मात्र कुंकू लागलं. सगळं जागेवर बसवून त्याने जागं करायच्या फ्लॉपीची दुसरी प्रत घातली. विमलाबाई प्रत्येक फ्लॉपीची दुसरी प्रत ठेवायच्या, तेवढी त्यांची सवय त्या दिवशी कामाला आली. मग यादीची फ्लॉपी घातली, आणि मी वाचायला लागलो.

ओ निगेटिव्ह, पाच नावं. दोघं दूरच्या गावचे, दोघांनी महिन्याभरापूर्वीच रक्त दिलेलं, म्हणजे इतक्यात त्यांचं पुन्हा घेता येत नव्हतं. पाचवं नाव रूपराव, कापसाच्या जिनिंगमधला कामगार, गाव सिंदी रेल्वे. सिंदीच्या गठ्ठ्यापर्यंत पोहोचायला त्या दोघींना दुपार उलटली असती.

सिंदीला फोन लागेना. प्रेमदासने हात धुतले. "मले नागपूरलेच जायचं हाये. जीपनं सिंदीपर्यंत जातो, रूपरावले जीपमधी बसवून धाडतो अन् तिथूनच गाडी पकडतो." तो गेला. मी चालूच होतो. मला कुणी बंद केलं नाही, आणि त्या दिवशी लाईनही गेली नाही. तिचेही मी आभार मानतो.

साडेबाराला जीप आली. रूपराव हातात सोन्याची, म्हणजे आपट्याची, पानं घेऊनच उतरला, घरून तसाच उठून आला होता. तीन वाजता डॉक्टरसाहेब माझ्या खोलीत आले आणि खुर्चीत टेकले. "वाचली," एवढंच म्हणाले. रुख्माबाईने तिथेच जमिनीला डोकं टेकवलं.

प्रेमदास पुढच्या आठवड्यात आला, तेव्हा विमलाबाईंनी त्याची माफी मागितली. तो हसला. "मशीनले कुंकू नाई लागत ताई. कोरडं फडकं लागते." त्यांनी ते मनावर घेतलं. फटीला झाकण शिवलं, खोळ काढल्याशिवाय मला कधी सुरू केलं नाही, आणि तो दाणा इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून टेबलावर ठेवला.

गेल्या दसऱ्याला रुख्माबाई नातीला कडेवर घेऊन आली. हातात हळदीकुंकवाची पुडी. मला ओवाळायचं म्हणत होती. विमलाबाईंनी तिचा हात धरला आणि त्यात पुडीऐवजी कोरडं फडकं दिलं. "मावशी, याची पूजा अशी करा." रुख्माबाईने माझा पडदा पुसला, कडा पुसल्या, बटणं पुसली. मग तिला राहवलं नाही, फडकं बाजूला ठेवून पदरानेच पुन्हा पुसला. नात खांद्यावरून वाकून माझ्या पडद्यावर हात आपटत होती.

ती मुलगी आता दोन वर्षांची आहे आणि तुमच्याच गावात राहते. मंदिराकडच्या रस्त्याला तुम्ही तिला पाहिलंही असेल. अजून चार वर्षांनी ती या शाळेत पहिलीत येईल. माझ्यासारख्याला चार वर्षं म्हणजे फार झाली, पण पंखा साफ राहिला, फटीत काही गेलं नाही आणि उन्हाळ्यात खिडकी उघडी राहिली तर मी तग धरीन. तिने येऊन एकेका बोटाने तिचं नाव टाइप करावं आणि ते माझ्या पडद्यावर हिरवं उमटावं, एवढं मला बघायचं आहे. तुम्हीच तेवढं जमवा, मित्रांनो. गुरुजी यायच्या आत ती अक्षतांची वाटी पलीकडच्या खिडकीत ठेवा, आणि ते कोरडं फडकं जरा इकडे आणा.