वाजवा, बाबा

इथे अमेरिकेत, अर्विंगच्या कम्युनिटी सेंटरमध्ये शनिवारी सकाळी आफ्रो-ब्राझिलियन नाच शिकवतात, तोही अख्ख्या कुटुंबाला एकत्र, हे माझ्या बायकोने, प्रणिताने, कुठून शोधून काढलं कोण जाणे. मला नाचाचं वावडं. पण आमच्या अकरा वर्षांच्या यामिनीने हट्टच धरला, म्हणून गेलो. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांनाही नेलं. घरात एकटे बसून ते भिंतींशी बोलायला लागतील अशी मला धास्ती होती.

शिकवणाऱ्या जुसाराबाई ब्राझीलच्या. "गुलामांकडून सगळं हिसकावलं, पण हा ठेका त्यांनी सोडला नाही," असं त्या सांगायच्या. त्यांची एक पद्धत होती. ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्यांच्यापुढे त्या एकेक ढोल ठेवायच्या. 'वाजवा' म्हणायच्या नाहीत. वाटलं तर वाजवावं, नाही तर नुसतं बसावं.

पहिल्याच दिवशी बाबांपुढे एक उंच ढोल आला. बाबांनी बोटांनी कातडं चाचपलं आणि वाजवायला सुरुवात केली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हात, पण असे सुटले की जुसाराबाई नाचता नाचता थांबल्या. यामिनी ओरडली, "आजोबा, दॅट्स सो कूल!"

मी मात्र तापलो. माझे आजोबा गावात डफडं वाजवायचे. लग्न असो की मयत, बोलावणं आलं की जायचं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून वाजवायचं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यांनी ते डफडं चुलीत घातलं. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते; आजोबांच्या मागे फिरून तोवर त्यांचाही हात बसला होता. ही गोष्ट त्यांनीच मला शंभरदा अभिमानाने सांगितलीय. आणि आता तेच मान डोलवत वाजवत होते!

"बाबा, बस करा," मी म्हणालो. "हे आपण सोडलंय. निदान माझ्या पोरीसमोर तरी नको."

बाबांचे हात जागीच थांबले. त्यांनी ढोल हळूच सरकवला आणि उरलेला वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिले. गाडीत प्रणिता माझ्याशेजारी न बसता मागे यामिनीजवळ जाऊन बसली. बाबाच म्हणाले, "लय ऊन आहे आज."

पुढचे पाच शनिवार तसेच गेले. यामिनीचे पाय सुटत गेले. माझेही सुटले, खोटं कशाला बोलू. आम्ही तिघं एका ओळीत खांदे हलवत पुढे जायचो आणि बाबा भिंतीला टेकून बघायचे. त्यांचे हात शिवशिवायचे, ते मला दिसायचं. मी नेमकं कुणाचं काय वाचवलं, मलाच कळेना. स्वतःची चीड यायची आणि ती त्यांच्यावरच निघायची. "औषध घेतलं का? नीट बसा."

बाबांच्या परतीआधीचा शेवटचा शनिवार आला. मला राहवलं नाही. मी स्वतः ढोल उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"वाजवा, बाबा. माझं चुकलं. आता माझी काही हरकत नाही."

सगळा वर्ग बघत होता. यामिनी टाळ्या वाजवायच्या तयारीत होती. बाबांनी ढोलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"नको रे, सत्यजित," ते म्हणाले. "तुझ्या आजाला पाटील 'वाजव' म्हणायचा, तेव्हा तो वाजवायचा. 'बंद' म्हटलं की बंद. त्या दिवशी मला कुणीच काही म्हटलं नव्हतं. आपल्या घरात पहिल्यांदा कुणीतरी स्वतःच्या हौसेनं वाजवत होतं, ते तू बंद केलंस. आता तूच 'वाजवा' म्हणतोस."