दुनळीची ओटी

आमच्या घरात दोन जिनसांले हात लावाची मले मनाई होती. एक यायचा रेडिओ अन् दुसरी यायची दुनळी बंदूक. रेडिओले मी रोज हात लावत होती. बंदुकीले मात्र कधी नाही लावला.

हे म्हणजे आमचे मालक. नाव मी घेत नाही, लोकं घेते: रुपराव. मौद्याजवळ आमचं धानाचं वावर अन् राहणं नागपुरात, प्रताप नगरले. बंदूक माह्या सासऱ्याची, बापूजीची. धानात रानडुकरं घुसते म्हणून तिचं लायसन होतं, ते बापूजीच्या मागं यायच्या नावावर झालं.

या माणसाले स्वतःचा चष्मा कधी सापडला नाही, पण बंदुकीचं काम एकदम कडक. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा, दोन्ही जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून लोखंडी अलमारीत. काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या पेटीत, तिले वेगळं कुलूप. दोन्ही चाब्या कमरेच्या करदोड्याले. आंघोळीच्या वक्तीसुद्धा तिथंच.

"अजी, कधी बायकोले इतकं जपा ना," मी म्हणलं का ते म्हणे, "तुह्यापासून काय धोका हाय वं? तुही गोळी तं रोजच सुटते."

जीपीतली तऱ्हा तं त्याच्याही वरताण. आमच्या जीपले दरवाजेच नव्हते, मंग कुलूप कायले लावता? म्हणून बंदूक सोबत असली का हे जीपीतून उतरतच नव्हते. रस्त्यावरचा चहा बी जीपीतच. अन् उतरलेच तं ती खोळीसकट काखेत. आमच्या पोरीच्या, प्रेमिलाच्या सोयरिकीले रामदासपेठेत गेलो तेव्हा हे बंदूक मांडीवर आडवी ठेवून त्या लोकायच्या बैठकीत बसले. समोरचे पोह्याले हात लावाले भिऊन राहिले होते. लग्न जमलं. नाही म्हणाची हिंमत कोणाची होती बाप्पा!

वर्षातून एकच दिवस हा सारा कायदा बाजूले राहे. तो दसऱ्याचा. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत देत नाही ना, तसं बापूजीचं म्हणणं होतं का रिकामं हत्यार पुजायचं नाही. म्हणून पूजेपुरती दोन काडतुसं नळ्यात. हळद-कुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, आरती करायची, अन् आरतीचा दिवा निवायच्या आत हे बंदूक उघडून काडतुसं काढणार, तेलाच्या फडक्यानं कुंकू पुसणार, नळ्या-दस्ता वेगळा करून अलमारीत ठेवणार. इतक्या वर्षांत कधी चूक झाली नाही.

त्या वर्षी हे जरासे विसरून राहिले होते. चहात दोनदा साखर टाकत, कधी मले आपल्या बहिणीच्या नावानं, 'सिंधू' म्हणून हाक मारत. मी हसण्यावारी नेलं. म्हातारपण म्हटलं का इतकं चालायचंच, असं वाटलं मले.

दसऱ्याची आरती झाली अन् सोनं द्याले लोकं आले. हे उठून दारात गेले. मी करंज्यांच्या मागं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मौद्याहून निरोप आला का डुकरायनं धानाची नासाडी केली. यायनं बंदूक खोळीत घातली, जीपीत सीटच्या मागं ठेवली. मी बी निघाली, म्हणलं रस्त्यात प्रेमिलाले करंज्या देऊन जाऊ.

रामदासपेठेत जीप थांबली. मी करंज्यांचा डबा घेऊन आत गेली. चहाची पहिली घुटकी घेतली अन् पाहते तं हे माह्या बाजूले बसून चिवडा खाऊन राहिले. काखेत काही नाही.

"अजी, बंदूक?"

"जीपीत हाय," ते म्हणाले, अन् बशीतला शेंगदाणा शोधू लागले.

मी कप ठेवला अन् पदर सावरत बाहेर धावली. जीपीत प्रेमिलाची पोरगी, आमची नात गोपी, पाच वर्षांची, बसली होती. खोळ मांडीवर आडवी घेतलेली, तोंड एकदम गंभीर.

"आजी, मी कोण हाय सांग? मी आजोबा!"

खोळीचं तोंड उघडं होतं. दस्त्यावर काल लावलेलं कुंकू जसंच्या तसं होतं. झेंडूची एक पाकळी बी चिकटलेली. कुंकू पुसलं नाही म्हणजे बंदूक उघडली नाही. उघडली नाही म्हणजे काडतुसं आतच हायेत.

"आजोबा," मी म्हणलं, "करंजी खाता का?" ओरडली नाही मी. कशी ओरडली नाही ते देवाले माहीत. जन्मात पहिल्यांदा हात लावला मी त्या बंदुकीले. दोन्ही हातांनी हळूच उचलून घेतली, नळ्यांचं तोंड आभाळाकडं केलं अन् पोरीले आत पाठवलं.

मंग यायले हाक मारली. यायनं येऊन बंदूक उघडली. दोन लाल काडतुसं.

मले वाटलं, आता मी या माणसाले असं बोलीन, असं बोलीन का सारा मोहल्ला ऐकीन! पण हे जीपीच्या पायरीवर बसले.

"भागीरथा, मी काढले होते."

"नाही काढले."

"मले तं काढलेले आठवून राहिले वं. दिव्याजवळ बसून काढले. कुंकू पुसलं. सारं आठवते."

विसरला असता तं रागावली असती मी. न झालेलं आठवणाऱ्या माणसावर काय रागावता?

मौद्याले गेलो नाही. घरी येऊन यायनं बंदूक वेगळी केली, अलमारीत ठेवली, कुलूप लावलं. करदोड्यातून दोन्ही चाब्या सोडल्या अन् माह्या हातावर ठेवल्या.

"कुठं ठेवशील ते मले सांगू नको. मी मागितली तरी देऊ नको. चिडलो, शिव्या देल्या, तरी नाही. शब्द दे."

"तुम्ही चिडल्यावर मी कधी ऐकलं हाय का तुमचं?" मी म्हणलं. ते हसले. मी आत जाऊन रडली.

पुतण्या महादेवराव येऊन काडतुसं घेऊन गेला, ठाण्यात जमा केली. बंदूक त्याच्या नावावर कराचा अर्ज केला, तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. चाब्या मी कुठं ठेवल्या ते तुम्हाले बी सांगत नाही.

ते वर्ष लय वाईट गेलं. हे माह्यापासून घेतलेला शब्दच विसरले. रोज कमर चाचपत अन् विचारत, "चाबी कुठं हाय?" मी म्हणलं सांगत नाही, का खवळत. एक दिवस पाहुण्यासमोर म्हणाले, "ही बाई चोर हाय. माह्या बापाची बंदूक चोरली हिनं." चोर म्हणलं हो मले! वाटलं, फेकावी चाबी यायच्या अंगावर अन् व्हावं मोकळं. पण ज्या माणसानं शब्द घेतला होता तो माह्यासाठी अजून घरातच होता. त्याले दगा कसा देता?

मंग दसरा आला. मी यायच्या पाठीमागं अलमारी उघडली अन् बंदूक पाटावर मांडली, नळ्या इकडं, दस्ता तिकडं. हार घातला. यायनं वाकून नळ्यात पाहिलं.

"रिकामी हाय! रिकामं हत्यार पुजते का कोणी? बापूजी काय म्हणतीन?" डोळे भरून आले त्यायचे. लहान लेकरासारखे भरून आले.

समोर ताटात तांदूळ होते, नारळ होता, खणाचं कापड होतं. मी उठली, बंदुकीपुढं खण पसरला, त्यावर नारळ ठेवला, अन् ओंजळ-ओंजळ तांदूळ घालून तिची ओटी भरली, सासरी जाणाऱ्या पोरीची भरते तशी.

"घ्या. आता कुठं रिकामी हाय?"

हे हसले, पोट धरून हसले. "बाई मोठी हुशार हाय," म्हणाले. हसणं थांबलं तशी त्यायनं पुन्हा कमर चाचपली.

"याची चाबी कोणाजवळ असते?"

"माह्याजवळ."

"कुठं ठेवते?"

"सांगत नाही."

"काहून? कोणी सांगितलं तुले सांगू नको म्हणून?"

"तुम्ही."

मी मनात तयारी केली, आता चोर म्हणतीन.

"मंग शहाणा माणूस होतो मी," ते म्हणाले.

"हायेच. होतो काय म्हणता!"

त्यायनं ओटीतले चार तांदूळ उचलले. दोन बंदुकीवर टाकले अन् दोन माह्या डोक्यावर, लग्नात टाकते तसे.

"चाबी जपजो, भागीरथा," ते म्हणाले.