उत्तमरावांच्या मोज्यातून आलेला शंख

मी एक जुना शंख आहे, आणि मी अजून कोणाला क्षमा केलेली नाही.

अंदमानातल्या एका बेटावर मला समुद्री गोगलगायीने घडवलं. ती गेल्यावर माझ्यात एक खेकडा राहायला आला. मित्रांनो, या खेकड्याच्या पोटावर कवच नसतं. रिकामा शंख हेच त्याचं घर. मला पाठीवर घेऊन तो किनाराभर हिंडे, पडलेले नारळ कोरून खाई. आमचं बरं चाललं होतं.

मग निसर्गसहल आली. तीत सोनईच्या निसर्गमित्र मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव होते. त्यांनी मला उचलताच खेकडा घाबरून आत दडला.

"साहेब, शंख न्यायला बंदी आहे," वाटाड्या म्हणाला.

"आरं, एका शंखानं समुद्र आटतोय व्हय?" म्हणत त्यांनी मला मोज्यात कोंबलं. विमानतळावर त्या मोज्यात हात घालायची कोणाची छाती झाली नाही.

सोनईत त्यांच्या पत्नी दीपाबाईंनी मला गंध लावून देव्हाऱ्यात बसवलं. आत खेकडा सुकत होता. त्याला ओल हवी होती, मिळाला उदबत्तीचा धूर. तेव्हा मी ठरवलं, सूड घ्यायचा. शंखाला हात नसतात. खेकड्याला नांग्या असतात.

लवकरच शाळेत उत्तमरावांचं व्याख्यान ठरलं : 'बेटांचा निसर्ग आणि आपले कर्तव्य'. सुरुवात शंखनादाने. व्यासपीठावर उत्तमरावांनी मला तोंडाकडे नेलं.

"भाऊजी, तिकडून न्हाई फुंकत!" शेजारच्या झुंबरबाई ओरडल्या. "आधी शेंडा कापावा लागतो!"

"बसा हो वहिनी. अंदमानला तुमी गेल्ता का मी?" म्हणत उत्तमरावांनी माझ्या उघड्या तोंडाला ओठ लावले.

खेकड्याने खालचा ओठ धरला. सोडू नकोस, मी मनात म्हणालो. त्याने सोडला नाही. जो नाद उठला तो शंखाचा नव्हता. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"अवो, पानी मारा त्याच्यावर!" झुंबरबाई ओरडल्या.

"कुनावर? खेकड्यावर का अध्यक्षांवर?" मागून कोणीतरी विचारलं.

पण मित्रांनो, सुडाने समुद्र जवळ येत नाही. त्याच आठवड्यात खेकडा माझ्या आतल्या वळणात मेला. किनाऱ्यावरचा शंख कधी रिकामा समजू नका. रिकामा असलाच, तर तो कोणाचं तरी उद्याचं घर आहे. तिथेच राहू द्या.

दीपाबाईंनी मला चिंचेने घासलं, फिनेलने धुतलं. वास जात नाही. आता मी दिवाणखान्यात असतो. पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात. उत्तमराव नाकाला रुमाल लावतात, पण अंदमानची आठवण त्यांच्याने फेकवत नाही.

मलाही घाई नाही. शंख फार वर्षं टिकतो.