तव्याचा पूर्वजन्म

डोसा तव्यावरून घसरला तो थेट ताटात. उलथनं नाही, तेलाचा थेंब नाही. कोरमंगलातल्या भाड्याच्या सभागृहात जमलेली शंभरेक मराठी माणसं थक्क झाली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तर डोशालाच हात जोडले.

"अन्न तव्याला का चिकटतं?" योगीराज महाराजांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "मोह. तव्याचा मोह सुटला की डोसा सुटतो."

मग त्यांनी तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं. थेंब गोल होऊन नाचत सुटले. हे तव्यातून मुक्त झालेले आत्मे, असं महाराजांनी सांगितलं. सरकारी कारखान्यात तीस वर्षं इंजिनिअर असलेले दामोदर काकाही डोळे टिपू लागले.

शेवटच्या रांगेत बसलेली अश्लेषा मात्र मावशीकडे बघत होती. अश्लेषा रसायनशास्त्र शिकलेली. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात ती धातूवरचे लेप तपासायची. शिवलीला मावशी आसपासच्या पीजीतल्या पोरांना रोज सकाळी डोसे पुरवायची, त्यावर तिचं घर चालायचं. मागच्या रविवारी महाराजांनी सांगितलं होतं, की घरातल्या जुन्या तव्यात पिढ्यांचा चिकटदोष साठलेला असतो. तो तवा अर्पण करा आणि आमचा सिद्ध तवा विकत घ्या. मावशीनं आपला लोखंडी तवा वाहिला. सिद्ध तव्यानं तीन दिवस दम धरला; चौथ्या दिवशी, महाराजांनी सांगितलेला विधी झाल्यावर, डोसा धरला. डोसे बंद पडले. पोरं दुसरीकडे जायला लागली. ज्याची श्रद्धा कच्ची त्याचाच तवा चिकटतो, असं महाराजांचे शिष्य म्हणाले, आणि वाहिलेली वस्तू परत मिळत नाही असंही. मावशीनं दोन उपास धरले. तव्यानं दाद दिली नाही.

आता ती हळूच म्हणाली, "अशू, तो डोसा बघ गं. डावीकडं गोरा राहिलाय."

"मग?"

"माझ्या तव्याला तिथं खोलगा आहे की. तिथं पीठ जाड बसतं. सत्तावीस वर्षं माझा प्रत्येक डोसा डावीकडं गोरा."

अश्लेषा उठली. निरीक्षण झालं होतं, आता पडताळा हवा होता. ती मंचावर गेली, महाराजांना नमस्कार केला आणि तवा उलटा करून दाखवायची विनंती केली.

महाराज दचकले. तव्याची पाठ शेंदरानं माखलेली होती. "तव्याची पाठ पाहू नये, पोरी. त्याला पूर्वजन्म आठवतो."

"आठवू दे की, महाराज."

लोक हसले. तवा निववून दामोदर काकांनी सांडशीनं पालथा केला. श्रद्धा असली तरी इंजिनिअरचा हात शिवशिवत होता. अश्लेषानं किल्लीनं शेंदूर खरवडला. खाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. काकांनी चष्मा सारखा केला आणि माइकवर वाचलं, "चि. सौ. कां. शिवलीला हिस, आत्याकडून सप्रेम भेट. निपाणी, १९९८."

सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या. महाराज मात्र गप्प बसणारे नव्हते.

"पाहिलंत? गेल्या जन्मी हा निपाणीला होता."

आणि निम्म्या सभागृहानं पुन्हा हात जोडले. अश्लेषाला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. एका वाक्यात तव्याला पुनर्जन्म मिळाला होता.

तिनं विक्रीच्या ढिगातला एक नवा सिद्ध तवा उचलला. महाराजांनी सांगितलेला विधी महाराजांनीच करावा, एवढीच तिची मागणी होती. विधी असा : रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवायचा आणि एकशे आठ नामं म्हणायची. नाही म्हणायची सोय उरली नाही. साठाव्या नामाला उग्र वास आला, दामोदर काकांनी खिडक्या उघडल्या. शंभराव्याला पातळ बूड वाकलं. महाराजांनी पीठ ओतलं. डोसा जो बसला तो बसलाच. त्यांनी उलथनं मारलं, तसा डोशाबरोबर काळा लेपही निघाला.

मावशी जागेवरून उठली. "महाराज, तुमची श्रद्धा स्वल्प कच्ची दिसते."

यावेळी हशा थांबेना. शिष्य ढीग आवरायला लागले.

मग अश्लेषानं सगळं उलगडून सांगितलं. खूप तापलेल्या धातूवर थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, त्यावर तो नाचतो. जुन्या लोखंडी तव्यावर वर्षानुवर्षं तेल भाजून त्याचा कठीण, गुळगुळीत थर बसतो, म्हणून डोसा सुटतो. महाराजांनी तर पिठातच तेल कालवलं होतं. पातेल्यात तवंग दिसतच होता. आणि विकायचा सिद्ध तवा म्हणजे पातळ बुडाचा साधा नॉनस्टिक. तसा नॉनस्टिक तवा वाईट नसतो. तो जाड बुडाचा, सपाट बसणारा घ्यावा, रिकामा तापवू नये, लाकडी उलथनं वापरावं. लेप निघाला की तो बदलावा. "हा विधीच तवा मारतो," ती म्हणाली, "आणि वर दोष तुमच्या श्रद्धेला. विकणारा परीक्षेला कधी बसतच नाही. यापुढे कुणी चमत्कार दाखवला तर दोन गोष्टी मागा : वस्तू उलटून बघू द्या, आणि आमच्यासमोर पुन्हा करून दाखवा."

वाहिलेल्या तव्यांची रास मंचामागे सापडली. बायका एकेक तवा पालथा करून नावं वाचू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मावशीच्या गॅसवर पहिला डोसा पडला. खालच्या पीजीतला मुलगा डबा घ्यायला आला. झाकण उघडून त्यानं आत पाहिलं.

"अक्का, डावीकडं गोरा आहे. म्हणजे तवा आला."