तिची एकटीची गाणी

हेडफोनच्या गादीचा एक काळा पोपडा तिच्या कानाच्या पाळीला चिकटला होता — तो तिनं नखानं काढला, आणि तेवढ्यात ध्वनिमुद्रणातल्या गायिकेनं श्वास घेतला. अगदी कानाशी. ओळ संपलेली, गिटारची तार अजून मंद हलत असलेली, आणि मग नुसती मोकळी जागा...

"ताई, एवढ्या वेळात माणूस चहा पिऊन, कप विसळून येईल," मागून स्टुडिओचे मालक म्हणाले. "आवळा जरा. संध्याकाळी पाठवायचंय."

"बघते," ती म्हणाली.

आवळायचं म्हणजे ओळींमधला रिकामा भाग कापून कडा जुळवायच्या. तिच्या हातचं काम. या गायिकाबाईंची जुनी बोसा नोव्हाची, त्या झुलत्या ब्राझिली चालीची गाणीही तिनंच साफ केलेली — तेव्हा त्या नवऱ्याबरोबर गायच्या; त्यांची ओळ संपते न संपते तोच त्याची सुरू व्हायची, श्वासाला फटच नसायची. आता तो या जगात नाही. बाई एकट्या गातात, आणि त्याच्या ओळींच्या जागा तशाच सोडतात. बिचाऱ्या वाट बघतात, असंच ती सकाळपासून धरून चालली होती. दोनदा डोळेही पुसले होते.

घरी तरी काय वेगळं होतं... संध्याकाळची प्रार्थना — एक ओळ आमच्या यांची, एक आपली. हे गेल्यापासून ती दोन्ही ओळी स्वतःच म्हणते, भराभर, मध्ये जागा राहू नये म्हणून. "वहिनी, देव काय पळून चाललाय का?" नणंद परवा हसली होती.

तिनं पुन्हा ऐकलं. जागा आली. श्वास... पण हा वाट बघणाऱ्याचा श्वास नव्हता. दिवसभराचं ओझं खाली ठेवून कुणी खिडकीशी टेकावं, तसा. पुढची ओळ कुणालाही न विचारता, हवी तेव्हा, सावकाश आली — आणि तिच्या आधी बाई किंचित हसल्या होत्या. जुन्या गाण्यांत कधी हसल्या होत्या? तिला आठवेना.

म्हणजे बाईंना बरं वाटतंय. एकटीला. देवा, असं कसं वाटू शकतं? आमचे हे तर चांगलेच होते, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही; फक्त माझी ओळ पुरती संपू देत नसत... मी हे काय बोलतेय?

"झालं का, ताई?"

बोट बटणावर होतं. कापलं तर बाई पुन्हा पूर्वीसारख्या ऐकू येतील, घाईतल्या, कुणाच्या तरी शेजारच्या, आणि कुणाला कळणारही नाही. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. त्याऐवजी छातीत खोलवर, लाज वाटावी असं, काहीतरी सैल होत गेलं — आणि ते आवरावं की होऊ द्यावं, हे तिला ठरवता येईना.