वाघबारशीआधीची कॅसेट

२०१८ सालच्या दिवाळीआधीची ही गोष्ट. तेव्हा आमचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान जुन्नरच्या बाजारपेठेत, घराच्याच पुढच्या खोलीत चालू होतं. चालू म्हणजे शटर रोज उघडायचं, इतकंच. गिऱ्हाईक मोबाइलची काच बदलायला शेजारी जायचं आणि माझे यजमान अजीज भिंग लावून आपल्या छंदात बसायचे. मी पिंपळवंडीच्या शाळेतून निवृत्त झाले होते. दुपारची दुकानातच असायची.

त्या वर्षी ते घरच्या घरी यूएसबी साउंड कार्ड बनवत होते. जुन्या कॅसेटचा आवाज कॉम्प्युटरात भरायचं यंत्र. बाजारातलं स्वस्त कार्ड आणून पाहिलं होतं. "यातून माणूस बोलतोय की पिशवी चुरगळतेय, कळत नाही," म्हणाले, आणि कुरिअरने सुटे भाग मागवले. चिपचे पाय मुंगीच्या पायाएवढे. मी टॉर्च धरायची, ते सोल्डर करायचे. सेकंदाला शहाण्णव हजार वेळा आवाज मोजणारं ते यंत्र शेवटी माझ्या शाळेच्या स्टीलच्या डब्यात बसलं. डबा गेला तो गेलाच.

वसुबारसेच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांत वाघोबा पुजतात, ती वाघबारस. तिला आठ दिवस असताना रामनाथ आला. आंबेगाव तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाडीचा, चाकणला कंपनीत कामाला. म्हातारी आई गोजरबाई बरोबर होती. त्याने रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली.

"भाई, ह्यात माझा बाप हाय. सावळेराम. वाघोबाचं गाणं म्हणायचा मान आमच्या घराचा. बाप गेला, आन गेल्या साली मी मधीच आडलो. यंदा पुरं न्हाई झालं तर गाव मान दुसऱ्या घरात देनार."

त्या गाण्यात शिवेवरच्या ओहोळांची आणि खिंडींची नावं ओळीने येतात. वाघाने त्यांच्या पलीकडेच राहावं म्हणून. एक नाव सुटलं तर तेवढी वाट उघडी राहिली असं मानतात. कॅसेट पुण्याच्या एका पाहुण्याने त्यांच्या घरात भरली होती, रामनाथ रांगत असताना. गोजरबाई पायरीवर बसून चहा बशीत ओतत होती.

अजीजनी टेप डब्याला जोडून कॅसेट लावली. सावळेरामाचा आवाज आला, पण त्याच्यावर गुणगुण चढलेली, ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिल्यासारखी. मधली नावं त्यात बुडून गेली. पुन्हा लावली, तेच. त्यांनी टेपचं हेड पुसलं तर कापसावर तपकिरी भुकटी आली.

"रामनाथ, पट्टीचा मसाला झडतोय. आता एकदाच लावीन, तेही माझा डबा गप्प झाल्यावर."

"मंग करा की गप्प, भाई."

"बायकोला गप्प करणं यापेक्षा सोपं."

"दोन्ही जमलेलं नाही अजून," मी म्हणाले.

तीन दिवस त्यांनी वायरी बदलल्या, डाग पुन्हा दिले. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळे चार्जर काढून गुणगुण जाते का ते पाहायची सोय नव्हती. मी डबा उचलायला गेले तर बोटाला झिणझिण्या आल्या. असल्या झिणझिण्या मला ओळखीच्या होत्या. आमचा जुना फ्रीज उन्हाळ्यात असाच करायचा आणि सासूबाई मागच्या अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतायच्या. एरवी मोरीचं पाणी आपोआप तिकडे जायचं. दोन वर्षांपूर्वी सून रुबिनाने नवं सिंक बसवलं, पाणी पाइपाने गटारात गेलं, आणि खड्डा कोरडा पडला; गळती वीज जमिनीत उतरेना. चाळीस वर्षं विजेचं काम करणाऱ्या माणसाने भिंतीपलीकडे पाहिलं नव्हतं.

मी मीठ घातलेल्या तीन बादल्या ओतल्या. आत गुणगुण थांबली. अजीज म्हणाले, "तू काय केलंस?"

"भांडी घासली," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी मायलेक पुन्हा आले. कॅसेट लागली. सावळेराम खणखणीत म्हणत होता. अर्ध्यावर तो थांबला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिथे नुसती गुणगुण होती. आता चुलीत लाकूड तडकल्याचं ऐकू आलं, आणि एका बाईने हळूच ओहोळाचं नाव सांगितलं. सावळेरामाने ते उचललं. पुढच्या खिंडीशी परत तसंच. असं पाच वेळा.

रामनाथने आईकडे पाहिलं. "आये, तुला समदं येतं व्हय?"

"माह्या सासऱ्याच्या तोंडून ऐकलं व्हतं. तुह्या बापाला कवा पुरं आलं? दर साली आदल्या राती मीच म्हनून घ्यायची."

"मंग मला का न्हाई सांगितलंस? नावांसाठी लई फिरलो मी."

"मला इचारलंस का?" ती म्हणाली. "देवापुढं बायांनी म्हनायचं न्हाई. तुह्या बापानं तरी वाडीत कवा सांगितलं, नावं माही म्हून?"

रामनाथने चहा मागवला आणि पहिला कप तिच्यापुढे धरला. परतीच्या एसटीत ती त्याला नावं सांगत गेली म्हणे.

त्या वाघबारशीला त्याने गाणं पुरं केलं. मान त्यांच्याच घरात राहिला. गोजरबाई २०२१ च्या थंडीत गेली. रामनाथने कंपनी सोडली, आता वाडीतच भातशेती करतो. त्याची मुलगी मंगल मंचरला नर्स आहे. आजीने तिला सगळी नावं शिकवली, पण वाघोबापुढे तिला अजून म्हणू देत नाहीत. अजीजनी तसले आणखी चार डबे बनवले. पुढे हात थरथरू लागले, तसं दुकान बंद केलं. मी घरीच असते. कान अजून चांगले आहेत.